ओढा, म्हणजे गुणगुणेल

सेथ लव्हर नावाचे एक सद्गृहस्थ अमेरिकेतल्या कॅलमझू गावी गिब्सन कंपनीत नोकरीला होते. त्या काळी इलेक्ट्रिक गिटार वाजवायला घ्यायच्या आधीच वाजायला लागायची. वायर खुपसली, अँप सुरू केला, की तारेला बोट लागण्यापूर्वीच स्पीकरमधून एक अखंड ‘हंऽऽऽ’ निघायचा. लव्हरसाहेबांनी त्यावर उतारा शोधला आणि 22 जून 1955 या दिवशी पेटंटचा अर्ज टाकला. पेटंट हातात पडायला 1959 चा जुलै उजाडला. मधल्या काळात कंपनी पिकअपच्या पाठीला ‘पेटंटसाठी अर्ज केलेला आहे’ अशी चिमुकली चिठ्ठी डकवत राहिली. पेटंट मिळाल्यावर चिठ्ठी बदलली, पण तिच्यावर नंबर छापला तो भलत्याच पेटंटचा, गिटारच्या टेलपीसचा. सात-बाराच्या उताऱ्याशी ज्याचा एकदा तरी संबंध आला आहे, त्याला यात वावगं काही वाटायचं नाही.

तर एवढ्या खटाटोपाने घालवलेला तो हंऽऽऽ परत आणून द्या, असं सांगायला सत्तरेक वर्षांनी माणसं रविवारी सकाळी माझ्याकडे येतात. येताना गिटार आणतात, नॉबखाली बसणारा पॉट आणतात, मोबाइलमध्ये आकृती आणतात. माझ्याकडे बरं सोल्डरिंग आयर्न आहे आणि ते धरताना माझा हात हलत नाही, एवढ्याच भांडवलावर ही वर्दळ चालते. मी पैसे घेत नाही अशी एक अफवा आहे. ती मी वेळोवेळी खोडून काढतो.

हा हंऽऽऽ येतो कुठून? पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजेच कॉइल. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज थरथरते. पण काय ऐकावं आणि काय ऐकू नये, याचा पोच वेढ्यांना नसतो. गिटारची तार ते जितक्या आवडीने ऐकतात, तितक्याच आवडीने घरातलं वायरिंग, ट्यूबलाइटचा चोक आणि शेजाऱ्यांचा मिक्सर ऐकतात. लव्हर यांनी एकीऐवजी दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवल्या. दुसरीचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटं. तारेचा आवाज दोनदा उलटल्यामुळे सुलट झाला आणि पहिलीच्या आवाजात मिळाला. विजेचा हंऽऽऽ चुंबकाला ओळखत नाही. तो एकदाच उलटला आणि जागच्या जागी जिरला. याला म्हणतात हमबकर.

आता ‘कॉइल स्प्लिट’ ऐका. दोन कॉइल जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात, त्या सांध्यातून एक वायर काढून ग्राउंडला लावली, की एक कॉइल गप्प बसते. उरलेली एकटी कॉइल पातळ, चमकदार, जराशी फेंडर या दुसऱ्या कंपनीच्या गिटारीच्या वळणाची बोलते. आवाज पडतो. आणि लव्हरसाहेबांच्या चार वर्षांच्या तपश्चर्येवर पाणी पडून हंऽऽऽ हजर होतो. गिब्सन घ्यायची आणि तिच्यातून फेंडर काढायची, असा हा बेत आहे. फेंडरवाले त्याच वेळी आपल्या गिटारीत हमबकर बसवून घेत असतात. दोघांची माझ्या दारात गाठ पडली तर गिटारींची अदलाबदल करून टाकावी, असं मी सुचवून पाहिलं आहे. ते कुणालाच पटत नाही.

एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगायला हवी. आपला हंऽऽऽ अमेरिकन हंऽऽऽपेक्षा निराळा आहे. त्यांची वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची. पेटीच्या भाषेत सांगायचं तर आपला हम खर्जातल्या पांढरी पाचच्या जरासा वर लागतो. त्यांचा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. म्हणजे पांढरी पाचात गाणाऱ्याला आपल्याकडे वीजमंडळ फुकटात तानपुरा धरून बसलेलं असतं. थोडा चढा असतो, पण फुकटात जवारी कोण बघतो?

ही सगळी करामत ज्यात घडते तो पुश-पुल पॉट पहिल्यांदा हातात घेतला, की सोफा-कम-बेडची आठवण येते. वरून बघाल तर साधा तीन पायांचा पॉट, व्हॉल्यूम कमी-जास्त करणारा. त्याच्या पोटाखाली सहा पायांचा एक स्विच, तीन-तीनच्या दोन रांगांत. नॉब दाबलेला असला की मधल्या पायांची गट्टी एका बाजूशी. ओढला की दुसऱ्या बाजूशी. बसायला आलेल्या पाहुण्याला खाली बिछाना आहे याचा पत्ता लागत नाही. ज्या घरात सोफा-कम-बेड असतो तिथे तो महिनोन्‌महिने ओढला जात नाही, हे साम्यही जमेस धरावं. पण वेळ आली तर सोय आहे, ही भावना घरात कायम वास करते, आणि मराठी माणूस पैसे मोजतो ते त्या भावनेचे.

स्विच वेगळाही बसवता येतो. बोटाएवढा टॉगल, खट्‌ करून वर, खट्‌ करून खाली, किंमत पुश-पुलपेक्षा कितीतरी कमी. पण त्याला भोक पाडावं लागतं, आणि भोक म्हटलं की गिटारमालकाच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. यामागे इतिहास आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या हौशी पोरांनी ड्रिल हाती घेऊन सरसकट गिटारींना टॉगलसाठी भोकं पाडली. त्यांत गिब्सनच्या 1950 च्या दशकातल्या लेस पॉल गिटारीही होत्या, ज्या अखंड राहिल्या असत्या तर आज लाखो डॉलरला गेल्या असत्या. ही हळहळ समुद्र ओलांडून बाणेर-बालेवाडीपर्यंत पोचली आहे. तिथल्या कंपनीतून आलेल्या एका तरुण गृहस्थाची गिटार इंडोनेशियात बनलेली, वय वर्षं दहा.

“सर, सगळं रिव्हर्सिबल हवं. बॉडीला हात लावायचा नाही. उद्या विकायची म्हटली तर?”

“विकणार आहात का?”

“छे! ही कधीच नाही विकणार.”

काढलेले जुने पॉट, जुने स्क्रू, वायरीचे तुकडे, सगळं हे लोक एका झिप लागणाऱ्या पिशवीत भरतात, वर तारीख टाकतात आणि गिटारच्या केसमध्ये ठेवतात. कुठल्या तरी भावी ग्राहकाला दाखवण्यासाठी हा ऐवज जपलेला असतो. त्या ग्राहकाच्या लग्नाचं अजून ठरलेलंही नसेल.

पॉट मिळवणं हे स्वतंत्र प्रकरण आहे. मुंबईवाल्यांना लॅमिंग्टन रोड आहे. पुणेकराला बुधवारातली तपकीर गल्ली. तिथल्या काउंटरवर जगातली कुठलीही इलेक्ट्रॉनिक वस्तू मिळते, फक्त ती कशासाठी हवी हे सांगायचं नसतं. सांगितलं की घोटाळा होतो.

“पुश-पुल पॉट आहे का, पाचशे के?”

“कशाला पाहिजे?”

“गिटारला.”

“टीव्हीचे आहेत जुने. ओढला की चालू होणारे.”

“त्यात स्विच नुसता चालू-बंदचा असतो. सहा पायांचा हवा.”

“बी पाचशेचा देतो.”

“ए पाहिजे.”

“ए काय न्‌ बी काय, फिरवला की दोन्ही फिरतात.”

फिरतात हे खरं. पण ए फिरतो कानाच्या हिशेबाने आणि बी गणिताच्या हिशेबाने, त्यामुळे दोन्हींत आवाज निरनिराळ्या जागी उतरतो. हे त्या गल्लीत उभं राहून, मागून हातगाडी येत असताना, समजावून सांगण्यासारखं नाही. गिऱ्हाईक घरी येतं आणि परदेशातून मागवतं.

परदेशी पॉट येतो. अमेरिकन मापाच्या पॉटची मान जाड, आपल्या आशियाई गिटारीचं भोक बारीक. ‘बॉडीला हात लावायचा नाही’ म्हणणारा माणूस गोल कानशीकडे आधी संशयाने बघतो, मग पॉटकडे बघतो, मग त्यावर भरलेल्या कस्टम ड्युटीची पावती आठवतो आणि म्हणतो, “थोडंसंच मोठं होईल ना?” मग नॉब बसत नाही. अमेरिकन दांड्याला 24 दाते, आशियाई नॉबला 18. नवे नॉब मागवणं आलं. त्यानंतर कळतं, की पुश-पुल हा उंचीने साध्या पॉटच्या जवळजवळ दुप्पट असतो आणि गिटार सडपातळ असेल तर मागचं झाकणच लागत नाही. मी हे सगळं आधी सांगतो. पण सल्ला आणि पार्सल यांत आधी पार्सलची ऑर्डर गेलेली असते.

मग वायरींचे रंग. चार कॉइल-टोकांच्या चार रंगीत वायरी आणि एक उघडी. आमच्या सोसायटीतले इलेक्ट्रिशियन काका एकदा कामाला आले असताना टेबलापाशी थबकले. त्यांच्या जुन्या शिक्षणाप्रमाणे लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. त्यांना मी सांगितलं, की सीमोर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी ही मुख्य, आवाज घेऊन जाणारी. लाल आणि पांढरी एकमेकींना बांधून ठेवायच्या. डिमार्झिओत लाल मुख्य. काळी आणि पांढरी बांधायच्या.

“आणि हिरवी?”

“दोन्हीकडे ग्राउंडला.”

काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. “मग ठीक आहे,” म्हणाले, “अर्थिंग जागेवर असलं की बाकी काहीही करा.” अनेक गिटार-ग्रंथांपेक्षा हा उपदेश कामाचा आहे. आपल्याकडच्या मांडवांत आणि हॉलांत तिसऱ्या पिनेला दुसऱ्या टोकाला काही जोडलेलं असेलच याची खात्री नसते, आणि माइकला ओठ लागल्यावर ज्या गायकाला झटका बसतो त्याला कॉइल स्प्लिटमधल्या बारकाव्यांची गोडी उरत नाही.

प्रत्यक्ष काम म्हणाल तर तासाभराचं. तारा काढायच्या, झाकण उघडायचं. आत पंधरा-वीस वायरींचं भेंडोळं. साध्या पॉटची पाठ पत्र्याची असते आणि सगळ्या ग्राउंडच्या वायरी तिथेच सोल्डर करण्याची प्रथा आहे. पत्रा उष्णता पितो. लहान आयर्न टेकवून बसलात तर सोल्डर गोळा होऊन नुसता घरंगळतो. पुश-पुलच्या पाठीला पत्रा जेमतेम, खाली स्विचचं प्लॅस्टिक. तिथे रेंगाळलात तर स्विच वितळून कायमचा ओढलेला किंवा कायमचा दाबलेला राहतो. आयर्न चांगलं तापवायचं, टेकवायचं, सोल्डर चमकून पसरला की लगेच उचलायचं. रोझिनच्या धुराचा जो वास सुटतो तो मला आवडतो. घरात तो आवडणारा मी एकटाच आहे.

झाकण लावण्यापूर्वीची परीक्षा मात्र बघण्यासारखी असते. वायर अँपला लावायची आणि छोट्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पिकअपवर हलकेच टकटक करायची. नॉब दाबलेला असताना दोन्ही रांगांवर ‘टॉक, टॉक’ असा भरदार आवाज येतो. नॉब ओढला की एका रांगेवर ‘टॉक’ आणि दुसऱ्या रांगेवर नुसतं लांबून कुणी खोकल्यासारखं ‘टुक’. म्हणजे एक कॉइल झोपली. या क्षणी मालकाच्या तोंडावर जो आनंद दिसतो तो पुढे ती गिटार वाजवताना कधी दिसत नाही. तो पुन्हा पुन्हा नॉब ओढतो, दाबतो, टकटक करतो. गाणंबिणं नंतर.

मग तो डोळे मिटून एकच कॉर्ड वाजवतो. ओढून एकदा, दाबून एकदा. “फरक कळतो की नाही?” हा प्रश्न मला असतो, पण अपेक्षा असते ती तटस्थ साक्षीदाराची, म्हणून तो स्वयंपाकघराच्या दिशेने जरा मोठ्याने विचारला जातो. आमच्या हिचा कान तयार आहे. आठ वर्षं गाणं शिकली आहे. ती हात पुसत दाराशी येते, दोन्ही नीट ऐकते आणि म्हणते, “मधे मधे फ्रिज चालू होतोय का हो?”

तिने बरोबर तेवढंच ऐकलेलं असतं.

पण गिटारवाल्यांची ही खोड आजची म्हणता येणार नाही. फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर 1954 साली बाजारात आली तेव्हा तिला तीन पिकअप आणि तीन जागांचा स्विच होता. एका वेळी एक पिकअप, विषय संपला. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. स्वतः गिटार वाजवत नसत, त्यामुळे माणूस दिलेल्या तीन गोष्टींवर समाधान मानेल अशी त्यांची समजूत होती. वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं, की स्विचची दांडी दोन जागांच्या मधोमध अडकवली तर दोन पिकअप एकदम बोलतात आणि एक गोड, पोकळ आवाज निघतो. मग लोक दांडी अधांतरी ठेवून वाजवू लागले, आणि जरा धक्का लागला की ती घसरून आवाज बदलायचा. कंपनीने पाच जागांचा स्विच दिला तो 1977 साली. तेवीस वर्षं जगातले मोठमोठे कलावंत स्विच चुकीच्या जागी धरून बसले होते आणि कंपनी ते बघत होती.

पाच मिळाल्यावर सहावा आणि सातवा हवा झाला. तीन पिकअपमधून एक, दोन किंवा तिन्ही निवडण्याच्या रीती होतात सात. स्विच देतो पाच. उरलेल्या दोनांसाठी एक पुश-पुल पुरतो. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मर यांनी त्यासाठी आपल्या काळ्या स्ट्रॅटला चक्क वेगळा छोटा टॉगल बसवला होता. त्या गिटारीचं काय काय झालं नाही? माना बदलल्या, ट्रेमोलो बदलला, त्यासाठी लाकूड कोरलं, परत भरलं, वेगळ्या सॉकेटसाठी भोक पाडलं, तेही बुजवलं. 2019 साली क्रिस्टीजच्या लिलावात ती 39 लाख 75 हजार डॉलरला गेली. तेव्हा भोक पाडायला हरकत नाही. फक्त पाडणारा डेव्हिड गिल्मर असावा.

या पंथाचे खरे अध्वर्यू ब्रायन मे. 1963 मध्ये शाळकरी वयात त्यांनी वडिलांच्या मदतीने घरातच गिटार करायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, पट्टीवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या, ट्रेमोलोच्या दांडीचं टोक तिच्याच विणायच्या सुईचं. माउलीने हे सगळं जाऊ दिलं. तीन पिकअप, आणि प्रत्येकाला दोन-दोन स्विच: एक चालू-बंदचा, दुसरा फेज उलटवणारा. सहा स्विच उघड्यावर, ओळीत, लपवाछपवी नाही. पुढे हा माणूस क्वीनमध्ये फ्रेडी मर्क्युरीच्या शेजारी उभा राहिला. फ्रेडी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, त्यामुळे सातारा जिल्हा या इतिहासाला दुरून का होईना, लागून आहे. ब्रायन मे यांनी 2007 मध्ये खगोलभौतिकीची पीएच.डी.ही पुरी केली. सहा स्विचचे वेगवेगळे मेळ ध्यानात ठेवायला तेवढं शिक्षण लागतंच.

फेजची गोष्ट आलीच आहे तर पीटर ग्रीन यांना टाळता येत नाही. फ्लीटवूड मॅकच्या या संस्थापकाच्या 1959 च्या लेस पॉलमध्ये एका पिकअपचं चुंबक उलटं होतं. दोन्ही पिकअप एकदम लावले की आवाज एकमेकांना खायचे आणि जे उरायचं ते सर्दी झाल्यासारखं, नाकातलं, काळजाला भिडणारं. चुंबक कुणी उलटवलं यावर आजही वाद चालतात. पुढे ती गिटार गॅरी मूरकडे गेली, मग मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे. आणि पडसं झाल्यासारखा तो आवाज हवा म्हणून लोक आता खास पुश-पुल बसवून घेतात. मी बसवून देतो. दोन-चार दिवसांनी फोन येतो: “सर, ओढल्यावर आवाज बारीक येतोय हो, काही लूज आहे का?”

काही लूज नसतं. फेज उलटली की असाच येतो. पीटर ग्रीन मात्र जोडीला येत नाहीत, ते वेगळे मागवावे लागतात.

आता हिशेबाकडे वळू. लेस पॉलला चार नॉब. चारही पुश-पुल केले, दोन स्प्लिटला, एक फेजला, एक सीरिज-पॅरललला, तर चार नॉबच्या सोळा अवस्था आणि तीन जागांचा स्विच: एकूण 48. त्यांतल्या बऱ्याच एकसारख्या, कारण एकच पिकअप चालू असताना फेज कुणाशी उलटवणार? गाळून उरतात वीस. हे लेड झेपेलिनच्या जिमी पेज यांच्या नावाने चालतं आणि त्याची मागणी करणारे हमखास दोन प्रकारची माणसं असतात: सनदी लेखापाल आणि डेटाबेसवाले. त्यांतल्या एकाने वीसही आवाजांचा तक्ता एक्सेलमध्ये करून, लॅमिनेट करून गिटारच्या केसमध्ये ठेवला आहे. रकाने आहेत: नॉब एक ते चार, स्विच, आवाजाचं वर्णन. वर्णनाच्या रकान्यात ‘वॉर्म’, ‘थोडा वॉर्म’, ‘बराचसा वॉर्म’ असं सातव्या ओळीपर्यंत जातं आणि पुढे ‘वरीलप्रमाणे’.

त्याच्या ऑफिसच्या वार्षिक समारंभात मी गेलो होतो. विसांपैकी पहिला आवाज घेऊन त्याने तीन गाणी वाजवली. चौथ्या गाण्याच्या सोलोआधी त्याने माझ्याकडे सूचक नजर टाकली आणि नॉब ओढला. स्टेजवर हात घामेजलेले असतात आणि नॉब असतो गुळगुळीत. एकतर तो हलत नाही, नाहीतर दांडा जागेवर राहून नुसता नॉब हातात येतो. त्याच्या हातात आला. नॉब खिशात टाकावा तर जीनच्या खिशात बोट जात नाही, खाली टाकावा तर अंधारात सापडणार नाही. त्याने तो ओठांत धरला आणि सोलो पुरा केला. लोकांना वाटलं चेहऱ्यावर आले ते भाव आहेत. टाळ्या भरपूर पडल्या.

एडी व्हॅन हेलन या कलावंताची गोष्ट मी अशा गिऱ्हाइकांना सांगतो. त्याने स्वतः जुळवलेल्या गिटारीला एकच पिकअप कामाचा आणि एकच नॉब. नॉब व्हॉल्यूमचा, पण त्यावर लिहिलेलं ‘टोन’, कारण हाताला लागला तो बसवला. पुढे त्याने दुसरा पिकअप आणि स्विचही तिच्यावर बसवले, पण जोडले नाहीत. नुसते दाखवायला! गिऱ्हाईक हे मन लावून ऐकतं, थोडा वेळ गप्प राहतं आणि विचारतं, “मग त्यांच्या नॉबला पुश-पुल नव्हता का?”

सर्वांत समंजस चौकशी माझ्याकडे आजवर केली ती एका बेंजोवाल्या दादांनी. मुंबईत आणि कोकणात मिरवणुकीत वाजतो तो बेंजो म्हणजे खरं तर बुलबुल तरंग. टाइपरायटरच्या धर्तीची बटणं, खाली तारा, त्याला पिकअप आणि पुढे भोंगे. गणपतीच्या तोंडावर जॅकपाशी वायर तुटली म्हणून ते वाद्य घेऊन आले होते. शेजारी कुणाची तरी लेस पॉल पोट उघडून पडली होती.

“हे ओढायचं काय असतं?”

मी सांगितलं.

“ओढल्यावर आवाज बारीक होतो?”

“होतो.”

“आणि हम येतो?”

“येतो.”

“मग लोक दाबूनच ठेवत असतील.”

“बहुतेक जण.”

“बरोबर आहे,” दादा म्हणाले आणि वायर जोडून झाल्याबरोबर उठले. संध्याकाळी त्यांना पंचवीस ताशांसमोर वाजवायचं होतं.

गेल्या महिन्यात मात्र उलटीच केस आली. अकरावीतली मुलगी, सेकंडहँड घेतलेली गिटार, आत आधीच्या मालकाने हौसेने बसवलेले तीन पुश-पुल. तिला कशातच रस नव्हता. “काका, हे सगळं काढून साधं करून द्याल? वाजवताना हात लागतो आणि आवाज बदलतो.” मी काढले. साधे पॉट घातले, कपॅसिटर जागेवर ठेवला, टकटक करून दाखवलं. तिने दोन मिनिटं वाजवून बघितलं, आणि छान वाजवलं. थँक यू म्हणाली, गिटार पाठीला लावली. काढलेले तीन पॉट मी रिवाजाप्रमाणे झिपच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिले. तिने ते न बघताच न्यायला आलेल्या वडिलांकडे सरकवले.

वडील बँकेतून थेट आलेले असावेत, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. त्यांनी पिशवी उजेडाकडे धरली. एक पॉट बाहेर काढला. फिरवला. मग ओढला. खट्‌. दाबला. खट्‌. पुन्हा ओढला.

“बाबा, चला ना.”

“हो, हो.” ते माझ्याकडे वळले. “चांगला मजबूत दिसतोय की. याने नक्की होतं काय?”

मी आत बघून चहा दोन कप वाढव म्हटलं. हिने तिथूनच विचारलं, “रात्री जेवायलाही आहेत का?”